बंदिवान स्त्रियांच्या कैवारी एलिझाबेथ फ्रायबाई

गावातील एखाद्या मनुष्याला पोलीस धरून नेतात तेव्हा सारा गाव वेशीपर्यंत पाहावयास जातो. खटला उभा राहतो तेव्हाही चावडीवर त्याची चर्चा चालते. शिक्षा झाली की मात्र चर्चा थांबते. तो मनुष्य तुरुंगात काय खातो, कोणाच्या संगतीत दिवस काढतो, त्याची मुले कोणाच्या दारी वाढतात, हे फारसे कोणी विचारीत नाही; आणि मुदत भरून तो परत येतो त्या दिवशी पुष्कळ दारे लावलेली असतात. न्यायाधीशाने दोन वर्षांची शिक्षा दिलेली असते, पण गाव ती जन्मभराची करून ठेवतो.

ज्या बाईंचे चरित्र आज आपणापुढे मांडावयाचे आहे, त्या या वाटेवर शिक्षा ठरल्यापासून सुटका होऊन पुन्हा जगात पाऊल टाकीपर्यंत बंदिवानांबरोबर चालल्या. प्रत्येक पायरीवर त्यांना यश आले असे नाही. काही ठिकाणी त्यांना रडत परत यावे लागले. तथापि एक गोष्ट त्या पायरी-पायरीने शिकल्या, आणि ती आपल्या मंडळ्यांनीही शिकण्यासारखी आहे.

बालपण व पालट

एलिझाबेथ हिचा जन्म २१ मे १७८० रोजी इंग्लंड देशातील नॉरिच शहरी झाला. तिचे वडील जॉन गर्नी हे श्रीमंत व्यापारी असून त्यांच्या घराण्याची सावकारी पेढी होती. शहराबाहेर अर्लहॅम या मोठ्या वाड्यात ही भावंडे वाढली. एलिझाबेथ बारा वर्षांची असताना, १७९२ मध्ये, तिची आई कॅथरीन वारली. मुलगी स्वभावाने फार भित्री होती. अंधाराला भिई, समुद्राच्या पाण्याला भिई, आणि अभ्यासातही भावंडांच्या मागे राही. ही पुढे लंडन शहरातील अत्यंत भयंकर तुरुंगाचे दार ठोठावील असे त्या वेळी कोणाच्या मनातही आले नसेल.

गर्नी घराणे क्वेकर पंथाचे होते. या पंथाचे लोक आपणांस मित्रसमाज म्हणवितात. त्यांच्यात दीक्षित पाळक नसतात. उपासनेस सर्व जण शांत बसतात आणि ज्याला अंतर्यामी प्रेरणा होते तो उठून बोलतो. मग तो पुरुष असो की स्त्री. साधा पोशाख व साधी भाषा हे त्यांचे त्या काळचे नियम होते. परंतु अर्लहॅमच्या मुली हे नियम फारसे मनावर घेत नसत. नाचगाणे व रंगीत वस्त्रे त्यांना प्रिय होती. १७९८ मध्ये विल्यम सॅव्हरी नावाचा अमेरिकन क्वेकर उपदेशक नॉरिचला आला. त्या दिवशी एलिझाबेथ तांबड्या नाड्यांचे जांभळे बूट घालून सभेस बसली होती. उपदेश ऐकता ऐकता तिचे मन द्रवले, आणि घरी जाताना ती गाडीत रडत होती. हळूहळू तिने साधा पोशाख धरला व घरीच गरिबांच्या मुलांची शाळा सुरू केली.

१८०० साली तिचे लग्न जोसेफ फ्राय या लंडनच्या क्वेकर व्यापाऱ्याशी झाले. पुढील बावीस वर्षांत तिला अकरा अपत्ये झाली. १८११ मध्ये तिच्या समाजाने तिचे उपदेशाचे दान मान्य करून तिची उपदेशिका म्हणून नोंद केली. येथून पुढे आपण त्यांना फ्रायबाई म्हणू.

त्या काळचा न्याय व तुरुंग

फ्रायबाईंचे काम समजण्यासाठी त्या काळचा दंडाचा कायदा थोडा समजून घेतला पाहिजे. त्या वेळी इंग्लंडात दोनशेंहून अधिक गुन्ह्यांना देहान्त शिक्षा सांगितली होती. खून केला तरी फाशी, आणि खोटी नोट चालविली तरीही फाशी. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात एखाद्याला अशी शिक्षा झाली की तो लगेच फाशी जात नसे. रेकॉर्डर नावाचा न्यायाधिकारी अशा सर्व कैद्यांची यादी राजा व मंत्री यांच्यापुढे ठेवी. कोणाला फाशी द्यावे व कोणाची शिक्षा कमी करून त्याला समुद्रापार पाठवावे, हे तेथे ठरे. हा निकाल येईपर्यंत कैदी आठवडेच्या आठवडे जीव मुठीत धरून बसत. समुद्रापार पाठविण्याची शिक्षा सात वर्षांची, चौदा वर्षांची किंवा जन्मभराची असे. आपल्याकडे जिला काळे पाणी म्हणत, तसलीच ती शिक्षा होय. १७८८ पासून असे कैदी ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स या वसाहतीत पाठवीत असत.

आणि तुरुंग? आज तुरुंगवास हीच शिक्षा असते. त्या काळी तुरुंग हा बहुधा वाट पाहण्याचा कोंडवाडा होता. खटल्याची वाट पाहणारे, फाशीची वाट पाहणारे, जहाजाची वाट पाहणारे, सारे तेथे एकत्र कोंबलेले असत. तुरुंगाधिकाऱ्याला पुरेसा पगार नसे. तो कैद्यांकडूनच पैसे घेई. निर्दोष सुटलेल्या माणसालाही हे पैसे दिल्यावाचून बाहेर पडता येत नसे. बेडफर्डशायरचे शेरीफ जॉन हॉवर्ड यांनी १७७३ पासून ही अनीती उघडकीस आणली, आणि पुढच्याच वर्षी पार्लमेंटने त्याविरुद्ध कायदे केले. पण हॉवर्ड १७९० मध्ये वारले, आणि कायदे बहुतांशी कागदावरच राहिले.

न्यूगेटची पहिली भेट

१८१३ सालच्या हिवाळ्यात स्टीफन ग्रेले नावाचे एक क्वेकर गृहस्थ लंडनचा न्यूगेट तुरुंग पाहून फ्रायबाईंच्या घरी आले. स्त्रियांच्या विभागात जन्मलेली अर्भके उघडी पडली आहेत हे त्यांनी सांगितले. बाईंनी त्याच दिवशी मैत्रिणींना बोलावून उबदार कापडाची झबली शिवावयास घेतली व ती घेऊन त्या तुरुंगात गेल्या. ॲना बक्स्टन नावाची मैत्रीण त्यांच्याबरोबर होती. तुरुंगाचे अधिकारी स्वतःदेखील त्या विभागात जावयास कचरत. त्यांनी बाईंना अंगावरील घड्याळे बाहेर ठेवून जाण्याची सूचना केली, पण बाई घड्याळे घेऊनच आत गेल्या.

आत चार खोल्यांत सुमारे तीनशे स्त्रिया व त्यांची मुले होती. शिक्षा झालेल्या व न झालेल्या, पहिल्यांदा भाकरी चोरलेली मुलगी व मुरलेली गुन्हेगार बाई, वेडी व शहाणी, सगळ्या एका ठिकाणी. झोपावयास जमीन, तेथेच स्वयंपाक, तेथेच धुणे. ज्यांच्याजवळ पैसा असे त्यांना तुरुंगातच दारू मिळे. या सर्वांवर देखरेख करावयास एक म्हातारा व त्याचा मुलगा एवढेच. एका कोपऱ्यात मेलेल्या बाळाच्या अंगावरील कपडे दोन स्त्रिया दुसऱ्या बाळासाठी काढून घेत होत्या. ते दृश्य बाई जन्मभर विसरल्या नाहीत.

त्यांनी कपडे वाटले, आजाऱ्यांसाठी स्वच्छ पेंढा आणविला आणि गुडघे टेकून प्रार्थना केली. तेव्हा काही बंदिवान स्त्रियाही गुडघ्यांवर आल्या. परंतु त्यानंतर जवळजवळ चार वर्षे बाईंना तेथे पुन्हा काम करता आले नाही. घरी बाळंतपणे झाली, पैशाची अडचण आली, आणि १८१५ मध्ये पाच वर्षांची होण्याआधीच त्यांची एक लाडकी मुलगी वारली. चरित्रे लिहिणारे ही चार वर्षे घाईने ओलांडतात. पण ज्या उपदेशकाला घरच्या दुःखामुळे हाती घेतलेले काम टाकावे लागले आहे, त्याने ही वर्षे ध्यानात ठेवावीत. काम राहिले होते, ते मेले नव्हते. स्वतःचे मूल पुरून आलेली आई जेव्हा परत न्यूगेटला गेली, तेव्हा तिने पहिला विषय मुलांचाच काढला.

तुरुंगातील शाळा

१८१६ च्या नाताळाच्या सुमारास फ्रायबाई पुन्हा न्यूगेटमध्ये गेल्या. या वेळी त्यांनी आपणांस स्त्रियांबरोबर आत एकटीलाच कोंडून घ्यावे अशी विनंती केली. त्यांनी मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याच्या मजुरांचा दृष्टान्त वाचला, आणि अकराव्या ताशी आलेल्या मजुरालाही धन्याने पूर्ण मजुरी दिली हे समजावून सांगितले. ते ऐकून कित्येकींनी ख्रिस्त कोण असे विचारले. कित्येकींना, आपली वेळ निघून गेली असे वाटून भीती पडली. नंतर बाईंनी त्यांना त्यांच्या मुलांविषयी विचारले. या घाणीत व शिव्याशापांत वाढून ही मुले पुढे काय होतील? त्यांच्यासाठी शाळा काढावी काय? माता रडू लागल्या व एकमताने होय म्हणाल्या.

येथे बाईंनी एक शहाणपणाची गोष्ट केली. शिक्षिका बाहेरून आणली नाही. ती आपल्यातूनच निवडा असे त्यांनी बंदिवानांना सांगितले. स्त्रियांनी मेरी कॉनर नावाची तरुणी निवडली. ती घड्याळ चोरल्याबद्दल तुरुंगात आली होती. अधिकाऱ्यांनी आधी जागा नाही असे सांगितले, पण शेवटी एक रिकामी कोठडी मिळाली. मेरीने फार निष्ठेने मुलांना शिकविले. सुमारे सव्वा वर्षाने तिला माफी मिळाली. पण तोवर तिला क्षयाने गाठले होते, आणि त्या सुटकेचा उपभोग तिला घेता आला नाही.

शाळा पाहून मोठ्या स्त्रियाही दाराशी गर्दी करू लागल्या. आम्हांलाही काम द्या, वाचावयास शिकवा, अशी त्यांची मागणी होती. बाईंच्या ओळखीच्या शहाण्या लोकांनी हे अशक्य ठरविले. दिलेले कापड चोरीस जाईल व सुया हत्यारे होतील, असे त्यांचे म्हणणे. तरी एप्रिल १८१७ मध्ये बाईंनी एका पाळकाची पत्नी व काही क्वेकर स्त्रिया मिळून एक मंडळ स्थापन केले. त्यांनी नियमांची यादी केली. भीक मागू नये, शिव्या देऊ नयेत, पत्ते खेळू नयेत, भांडू नये; दररोज ठरलेल्या वेळी पवित्र शास्त्र ऐकावे व शिवणकाम करावे. प्रत्येक नियम स्त्रियांना वाचून दाखविला व त्यांनी हात वर करून तो मान्य केला, तेव्हाच तो लागू झाला. सुमारे बारा-बारा जणींचा एक गट करून प्रत्येक गटावर त्यांच्यातलीच एक प्रमुख नेमली. सर्वांवर एक मेट्रन ठेवली. शिवलेले कपडे ऑस्ट्रेलियाच्या वसाहतीकडे विकावयास जात, आणि त्या कामाचा मोबदला स्त्रियांना मिळे.

थोड्या महिन्यांनी लंडनचे लॉर्ड मेयर पाहावयास आले. जेथे आरडाओरड व मारामारी चाले, तेथे स्त्रिया ओळीने बसून शिवीत होत्या. शहराच्या सभेने ही व्यवस्था आपल्या नियमांत घेतली व मेट्रनच्या पगाराचा काही भाग उचलला. १८१८ मध्ये कॉमन्स सभेच्या समितीने फ्रायबाईंना साक्षीस बोलाविले. राज्यकारभाराच्या अशा प्रश्नावर पार्लमेंटच्या समितीने स्त्रीचे म्हणणे ऐकून घ्यावे, हे त्या काळी नवलच होते. स्त्री बंदिवानांवर स्त्रियाच नेमाव्यात आणि काम व शिक्षण यांवाचून कैद व्यर्थ आहे, हा त्यांच्या साक्षीचा सारांश होय.

फाशीची छाया

परंतु शाळा व शिवण यांनी फाशी टळत नव्हती. त्याच वर्षी हॅरिएट स्केल्टन नावाची एक स्त्री न्यूगेटमध्ये होती. ती चांगल्या वागणुकीची म्हणून ओळखली जाई. पुरुषाच्या सांगण्यावरून तिने खोट्या नोटा चालविल्या होत्या. अशा खटल्यांत इंग्लंडची बँक फिर्यादी असे. जो आरोपी बँकेच्या संमतीने लहान गुन्हा कबूल करी, त्याला चौदा वर्षांचे देशान्तर मिळे व जीव वाचे. स्केल्टनने निर्दोषी असल्याचे सांगितले. त्यामुळे मोठ्या गुन्ह्याचा खटला चालला व तिला फाशीची शिक्षा झाली.

फ्रायबाईंनी तिच्यासाठी धावाधाव केली. राजघराण्यातील ग्लॉस्टरच्या ड्यूकना त्यांनी तुरुंगात आणून तिची भेट करविली. त्यांनीही बँकेच्या संचालकांकडे व गृहमंत्री लॉर्ड सिडमथ यांच्याकडे रदबदली केली. काही उपयोग झाला नाही. उलट गृहमंत्री बाईंवर रुष्ट झाले. एप्रिल १८१८ मध्ये स्केल्टन फाशी गेली. त्याच दिवसांत एका समारंभात शार्लट राणीने सर्वांसमक्ष फ्रायबाईंशी आदराने भाषण केले व लोकांनी टाळ्या वाजविल्या. बाईंना त्या मानाचे सुख झाले नाही. ज्या हातांनी टाळ्या वाजत होत्या, त्यांच्यानेही एका स्त्रीची मान सोडविली नव्हती.

खोट्या नोटांसाठी फाशी देण्याचा कायदा पुढे १८३० नंतरच्या वर्षांत टप्प्याटप्प्याने रद्द झाला. त्यासाठी अनेकांनी झगडा दिला, आणि फ्रायबाईंचे मेहुणे थॉमस फॉवेल बक्स्टन हे त्यांपैकी एक होते. स्केल्टनला मात्र त्याचा लाभ नव्हता.

जहाजापर्यंतची वाट

ज्यांचा जीव वाचे त्यांची पुढची पायरी म्हणजे जहाज. रवाना होण्याच्या आदल्या रात्री न्यूगेटमधील स्त्रिया भीती व संताप यांच्या भरात खिडक्या व सामान फोडीत. सकाळी त्यांना बेड्या घालून उघड्या गाड्यांतून बंदराकडे नेत, आणि रस्त्यावरचे लोक त्यांच्यावर चिखल व शिव्या फेकीत. १८१८ मध्ये फ्रायबाईंनी तुरुंगाधिकाऱ्याचे मन वळविले. स्त्रियांना बंद गाड्यांतून न्यावे, आणि मी स्वतः बरोबर जाईन, असे त्यांनी सांगितले. बंदिवानांनाही त्यांनी तसा शब्द दिला. त्या रात्री काहीही मोडतोड झाली नाही. दुसऱ्या दिवशी गाड्यांच्या रांगेमागे बाईंची गाडी चालली.

डेप्टफर्ड बंदरात मारिया नावाचे जहाज उभे होते. त्यावर १२८ स्त्रिया व त्यांची मुले होती. जहाज निघण्यास काही आठवडे लागले. तेवढ्यात बाईंनी तेथेही गट पाडले, मुलांची शाळा घातली, आणि एक पेच सोडविला. चार-पाच महिन्यांच्या समुद्रप्रवासात या स्त्रियांनी हातांनी करावयाचे काय? रिकामे हात तर पापाचे घर. लंडनच्या कापड व्यापाऱ्यांकडून बाईंच्या मंडळाने रंगीबेरंगी कापडाचे तुकडे मागून आणले. प्रत्येक स्त्रीला एक पिशवी मिळाली. तीत तुकडे, सुया, दोरा, कात्री आणि पवित्र शास्त्र असे. आपल्याकडे बाया जशी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवतात, तशा गोधड्या त्या वाटेत शिवीत. त्या वाटेतल्या बंदरात किंवा उतरल्यावर विकून चार पैसे पदरी पडत. म्हणजे परक्या देशात पाऊल टाकताना ती स्त्री अगदीच निराधार नसे. १८४१ मध्ये राजा नावाच्या जहाजावर सुमारे १८० बंदिवान स्त्रिया व्हॅन डीमेन्स लँड म्हणजे हल्लीच्या टास्मानिया बेटाकडे निघाल्या. त्यांनी वाटेत शिवलेली एक मोठी गोधडी ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात जपून ठेवली आहे.

सुमारे पंचवीस वर्षांत फ्रायबाई व त्यांच्या सहकारिणींनी १०६ जहाजांना भेटी दिल्या. त्यांवर मिळून १२,००० च्या सुमारास बंदिवान होते.

जहाज दृष्टिआड झाले की काम संपले, असे बाईंनी मानले नाही. न्यू साउथ वेल्समधील पॅरामाटा येथील पाद्री सॅम्युएल मार्सडेन यांनी त्यांना लिहून कळविले की, उतरलेल्या स्त्रियांना दिवसा सरकारी काम आहे, पण रात्री निजावयास जागा नाही. जागेचे भाडे मिळविण्यासाठी कित्येकींना शीलच विकावे लागते. लंडनमध्ये शिकविलेले सारे एका रात्रीत वाहून जात होते. बाईंनी हे गाऱ्हाणे सरकारच्या अधिकाऱ्यांपुढे ठेवले. १८२१ मध्ये पॅरामाटा येथे स्त्रियांसाठी नवी इमारत वापरात आली. चांगल्या वर्तनाच्या कैद्याला मुदत भरण्याआधी मोकळेपणे मोलमजुरी करण्याचा परवाना तेथे मिळत असे. मुदत संपल्यावर परत यावयास कायद्याची आडकाठी नव्हती. पण परतीचे भाडे स्वतः द्यावे लागे, म्हणून बहुतेक स्त्रियांना मायदेश पुन्हा दिसला नाही.

कायदा, अपयश व दारिद्र्य

१८२३ मध्ये गृहमंत्री रॉबर्ट पील यांनी तुरुंगांचा नवा कायदा केला. स्त्री कैद्यांवर स्त्री पहारेकरी, तुरुंगाधिकाऱ्याला पगार, धर्मोपदेश व शिक्षण यांची सोय, या गोष्टी त्यात आल्या. पण लहान शहरांचे तुरुंग त्यातून सुटले, आणि तपासनीस नव्हते. ते १८३५ मध्ये नेमले गेले. फ्रायबाईंनी १८२७ मध्ये आपल्या अनुभवाचे लहानसे पुस्तक लिहून ठिकठिकाणच्या स्त्रियांना तुरुंगभेटीचा मार्ग दाखविला.

त्यानंतर एक नवे मत बळावले. कैद्याला रात्रंदिवस एकट्याला कोठडीत ठेवावे, म्हणजे तो आपल्या पापाचा विचार करील, असे ते मत. १८४२ मध्ये उघडलेला लंडनचा पेंटनव्हिल तुरुंग याच पद्धतीचा. फ्रायबाईंना रात्री वेगळे निजणे मान्य होते. पण दिवसभरही माणसाला माणूस दिसू न देणे त्यांना भयंकर वाटे. ज्याला पुन्हा माणसांत राहावयाचे आहे, त्याने माणसांत राहणे कोठे शिकावे, हा त्यांचा प्रश्न होता. अधिकाऱ्यांनी तो ऐकला नाही, आणि ती पद्धत बाईंच्या पश्चात कित्येक वर्षे चालली.

१८२८ मध्ये त्यांच्या पतीची पेढी बुडाली. क्वेकर समाजाने जोसेफ फ्राय यांना कर्ज फेडू न शकल्याबद्दल समाजातून वगळले. मोठे घर सोडून कुटुंब लहान घरी राहावयास गेले. दान करणाऱ्या बाईंना आता भावाच्या साहाय्यावर घर चालवावे लागले. लोक कुजबुजले. जगाचे तुरुंग सुधारणारीने आपले घर पाहिले नाही, अशीही टीका झाली. आणि त्यांची बहुतेक मुले क्वेकर समाज सोडून गेली, याचे दुःख त्यांनाही होते. आपल्या रोजनिशीत त्या वारंवार आपली परीक्षा करीत, आणि लोकांच्या स्तुतीने आपण फुगतो की काय याची त्यांना भीती वाटे. संकट आले म्हणून मात्र त्यांनी तुरुंगाची वाट सोडली नाही.

सुटकेच्या दिवशी

आता शेवटची पायरी. तुरुंगाचे दार उघडून स्त्री बाहेर आली, हातात थोडे पैसे, अंगावर तुरुंगाचा कलंक. घरचे घेत नाहीत, चाकरीला कोणी ठेवीत नाही. दाराबाहेर उभे असतात ते बहुधा जुनेच सोबती. आत शिकविलेले कितीही चांगले असो, पहिल्याच रात्री ते मोडते, हे फ्रायबाईंनी पुनःपुन्हा पाहिले. म्हणून १८२२ च्या सुमारास त्यांच्या प्रेरणेने एका सहकारिणीने लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागात, सुटून आलेल्या स्त्रियांसाठी लहानसे आश्रयस्थान उघडले. १८२५ मध्ये वाईट वाटेस लागलेल्या मुलींसाठी चेल्सी येथे शाळा सुरू झाली.

या कामाचे बीज परदेशीही रुजले. जर्मनीतील कैसर्सवर्थ गावचे पाळक थिओडोर फ्लीडनर इंग्लंडच्या प्रवासात फ्रायबाईंच्या कामाने भारावून गेले. १८३३ मध्ये तुरुंगातून सुटलेली एक स्त्री त्यांच्या दारी आली. ठेवावयास जागा नव्हती, म्हणून त्यांनी व त्यांच्या पत्नीने तिला आपल्या बागेतील लहानशा झोपडीवजा घरात ठेवून घेतले. मोठी देणगी नाही, इमारत नाही. एक पाळक, त्याची पत्नी आणि बागेतले घर. त्याच ठिकाणी पुढे परिचारिका-सेविकांची संस्था वाढली, आणि १८५१ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी तेथेच शिक्षण घेतले. फ्रायबाई १८४० मध्ये कैसर्सवर्थला जाऊन आल्या व आपल्या कामाला आलेले ते फळ त्यांनी डोळ्यांनी पाहिले.

१८४२ मध्ये प्रशियाचे राजे चौथे फ्रेडरिक विल्यम यांनी बाईंबरोबर न्यूगेटमध्ये बंदिवान स्त्रियांच्या उपासनेस हजेरी लावली व नंतर त्यांच्या घरी भोजन केले. १२ ऑक्टोबर १८४५ रोजी रॅम्सगेट येथे, ज्या समुद्राला लहानपणी भीत त्याच समुद्राच्या काठी, फ्रायबाईंनी देह ठेवला. त्यांचे दफन बार्किंग येथील क्वेकर दफनभूमीत झाले. १८४९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ लंडनमध्ये, तुरुंगातून सुटलेल्या तरुण स्त्रियांसाठी त्यांच्या नावाचे आश्रयगृह उघडण्यात आले. न्यूगेट तुरुंग १९०२ मध्ये पाडावयास घेतला, आणि त्या जागी आज लंडनचे मुख्य फौजदारी न्यायालय आहे. ज्या बँकेने स्केल्टनवर खटला भरला, त्याच बँकेच्या पाच पौंडांच्या नोटेवर २००२ पासून २०१७ पर्यंत फ्रायबाईंचे चित्र होते.

बंधुभगिनींनो, न्यायाधीशाचे काम एका दिवशी संपते. तुरुंगाधिकाऱ्याचे काम मुदत संपताच संपते. त्यानंतरचे काम कोणाच्याही वहीत लिहिलेले नसते, आणि ते मंडळीच्या वाट्यास येते. बंदीत असताना भेटीस आलात की नाही, असे न्यायाच्या दिवशी विचारले जाईल, हे मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात आपण वाचतो. त्यासाठी राणीची ओळख किंवा पार्लमेंटची साक्ष लागत नाही. गावातील कोणी तुरुंगात असेल तर उपदेशकाने त्याला पत्र लिहावे, परवानगी काढून भेटीस जावे. त्याची मुले शाळेत जातात की नाही हे वडील मंडळींनी पाहावे. आणि त्याच्या सुटकेची तारीख आजच वहीत टिपून ठेवावी, म्हणजे त्या दिवशी सकाळी मंडळीतील कोणीतरी, निदान एक जण, भाकरी बांधून घेऊन तुरुंगाच्या दाराशी उभा असेल.